एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण सगळ्यात आधी काय शिकतो? जीटी मारायला! खाली बल्ब, बल्बवर काच, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट... तासाभरात ड्रॉइंग तयार! पुढची तीन वर्षं ही कला अंगात मुरते. जर्नल, असाइनमेंट, टर्मवर्क, सगळीकडे तिचाच प्रसाद. आणि मग शेवटच्या वर्षी येतो तिचा कळसाध्याय, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट. फरक एवढाच, की आता काच आणि बल्ब लागत नाही. सीनियरचा पेन ड्राइव्ह लागतो.

हे मी उपदेश करायला लिहीत नाहीये. उपदेश करणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात आणि माझे तर कोपरापर्यंत बरबटलेले आहेत. पण यंदा आमच्या ग्रुपचं जे झालं, ते ज्युनियर मंडळींना कळावं असं मनापासून वाटतं. शिवाय त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. तेही सांगून टाकतो.

आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता राडारोड्याचा. जुन्या बिल्डिंगा पाडून नवे टॉवर उभे राहतायत हे आपण रोज बघतो. पाडलेल्या काँक्रीटचं काय करायचं? तर ते फोडायचं, चाळायचं आणि त्याची खडी पुन्हा काँक्रीटमध्ये वापरायची. आम्ही एम-२५ ग्रेड घेतली. नेहमीच्या खडीच्या जागी ही खडी शून्य, वीस, पन्नास आणि शंभर टक्के घालायची, क्यूब टाकायचे, फोडायचे, ग्राफ काढायचा. विषय चांगला, काम अंगमेहनतीचं, मार्क बरे. आणि मुख्य म्हणजे २०२१ च्या बॅचचा याच विषयावरचा रिपोर्ट लायब्ररीत हजर. अजून काय पाहिजे!

फेब्रुवारीत कास्टिंग झालं. मार्चमध्ये २८ दिवसांचे क्यूब फोडले आणि लगेच पहिला ड्राफ्ट मॅडमना नेऊन दिला. दोन दिवसांनी तो परत आला. लाल पेनाने रंगपंचमी झालेली. पान ३७ वर मध्येच इंग्रजीत ठळक अक्षरं छापली गेली होती : ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड.’ ज्यांनी वर्डमध्ये काम केलंय त्यांना हा पाहुणा माहीत असेल. आपण मजकुरात ‘आकृती ३.४ पाहा’ असा दुवा जोडतो, नंतर कुणीतरी ती आकृती उडवतो, आणि प्रिंट देताना वर्ड दुवा शोधायला जातं तर तिथे कुणीच नाही. मग ते बिचारं तसं सांगून टाकतं.

मॅडमनी त्या वाक्याला गोल केला होता. बरोबर त्याच्याखाली, ‘खडीचे गुणधर्म’ या तक्त्यात, पाणी शोषण १.१ टक्के या आकड्यालाही गोल केला होता. आणि समासात लिहिलं होतं : “वर्डला सोर्स सापडला नाही, ते त्याने कबूल केलं. १.१ चा सोर्स तुम्हाला तरी सापडतो का?”

आता त्या १.१ ची कथा सांगण्याआधी थोडं फॉरमॅटविषयी बोलतो, कारण रिपोर्ट म्हटलं की आपल्या डोक्यात तेच येतं. टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, दीड स्पेसिंग, डावीकडे दीड इंच, बाकी तिन्हीकडे एक. हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ असतात, पण का ते कुणी सांगत नाही. मला ते बाइंडिंगवाल्या काकांनी सांगितलं. एका ग्रुपने चारही बाजूंनी एक इंच सोडला होता. काकांनी ते पुस्तक शिवून, काळं रेक्झिन चढवून, सोनेरी अक्षरं उठवून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता उघडा आणि ओळीचा पहिला शब्द वाचून दाखवा.” वाचता येईना! शिवणीत गेला होता. तो जादा अर्धा इंच युनिव्हर्सिटीसाठी नसतो, शिवणीसाठी असतो.

तसंच बाकीच्याचं. पहिल्या पानांना रोमन आकडे का? कारण सर्टिफिकेट, आभार, अनुक्रमणिका ही पानं सगळ्यात शेवटी तयार होतात आणि ती किती होतील ते आधी माहीत नसतं. त्यांचे आकडे वेगळे ठेवले की पहिल्या प्रकरणाचं पान १ जागचं हलत नाही. तक्त्याचं नाव वर का? तक्ता आपण वरून खाली वाचतो. काय वाचतोय ते आधी कळायला हवं, आणि तक्ता पुढच्या पानावर सांडला तर नाव निदान सुरुवातीला तरी दिसतं. आकृतीकडे मात्र नजर आधी चित्रावर जाते, म्हणून नाव खाली. थोडक्यात, फॉरमॅट म्हणजे वाचणाऱ्याची सोय. हेडिंगला वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या, आकृत्यांचे नंबर हाताने टाइप करू नका, शेवटी सगळं सिलेक्ट करून एफ-९ दाबा. अनुक्रमणिका आपोआप ताजी होते. आणि त्यानंतर एकदा ‘एरर’ हा शब्द शोधून बघा, म्हणजे आमच्यासारखी शोभा होणार नाही. एका दुपारचं काम आहे. आपण मात्र त्याच्यात सबमिशनचा अख्खा आठवडा घालवतो.

आणि शेवटच्या रात्री अडीच वाजता कुणालातरी आठवतं, “अरे, रेफरन्सेस राहिले!”

मग रेफरन्सेस ‘बनवले’ जातात. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. भाजी बनवतात तसे. सीनियरच्या रिपोर्टमधले दहा उचलायचे, पुस्तकांची दोन नावं घालायची, वर चिमूटभर आयएस कोड भुरभुरायचे. चौकटी कंसातले आकडे मजकुरात कुठे टाकायचे? परिच्छेद संपला की एक! चेहरा बघून. यंदा आमच्या ग्रुपमधल्या एका हुशार प्राण्याने त्याच्याही पुढे जाऊन चॅटजीपीटीला सांगितलं, दहा रेफरन्स दे. त्याने दहा सेकंदांत दिले. लेखकांची नावं, जर्नल, वर्ष, पान नंबर, सगळं आयईईईच्या पद्धतीने स्वल्पविरामासकट! मॅडमच्या लाल गोलानंतर आम्ही ते एकेक शोधायला बसलो. तीन सापडलेच नाहीत. जर्नल खरं, वर्ष खरं, पण त्या पानावर भलताच पेपर. म्हणजे पत्ता बरोबर, गल्ली बरोबर, घर नंबरही बरोबर, आणि दार उघडलं तर मंडळी दुसरीच! वर्ड निदान ‘सापडला नाही’ म्हणतं. हा गडी तेवढंही म्हणत नाही.

आता १.१.

आधी थोडं टेक्निकल. दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी दोन मिनिटं कळ काढावी. खडी पाणी पिते. आपल्याकडचा काळा पाषाण फार कमी पितो. पण राडारोड्याच्या खडीला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो आणि तो स्पंजासारखा असतो. मिक्स डिझाइन करताना कोरडी खडी किती पाणी पिणार ते मोजून तेवढं पाणी वरून द्यावं लागतं. नाही दिलं तर ती सिमेंटच्या वाटणीचं पिते.

आम्ही खडीचं पाणी शोषण मोजलं नव्हतं. २०२१ च्या रिपोर्टमध्ये १.१ टक्के होतं, तेच घेतलं. कास्टिंगच्या दिवशी शंभर टक्केवाला माल मिक्सरमधून निघाला तो चिवड्यासारखा कोरडा. स्लम्प शून्य! लॅबमधले मामा माल हातात घेऊन म्हणाले, “पोरांनो, ही खडी तहानलेली आहे. भिजवून घ्यायची होती.” आम्ही चौथ्या वर्षाचे इंजिनिअर! आम्ही म्हणालो, “मामा, पाण्याचं प्रमाण बदलता येत नाही. हे बघा, रिपोर्टमध्ये लिहिलंय.” मामा काही बोलले नाहीत. कोरडा माल तसाच ठोकून ठोकून साच्यात भरला. क्यूब बाहेर काढले तर अंगभर भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. २८ दिवसांनी टार्गेट होतं ३१.६, आणि मशीनवर काटा थांबला १७ वर.

आणि आम्ही ड्राफ्टच्या शेवटच्या प्रकरणात दिमाखात लिहून मोकळे झालो, ‘राडारोड्यातील खडी काँक्रीटसाठी पूर्णतः अयोग्य आहे.’

लाल गोलानंतर आधी ती खडी २४ तास पाण्यात ठेवून, पुसून, वजन करून, ओव्हनमध्ये वाळवून रीतसर मोजली. ५.१ टक्के! हिशेब सोपा आहे. एक घनमीटर काँक्रीटमध्ये खडी हजार किलो धरा. चार टक्क्यांचा फरक म्हणजे ४० लिटर पाणी. मिक्समध्ये एकूण पाणी होतं १८६ लिटर. मामांना जे हाताला कळलं, ते आम्हाला छापलेल्या आकड्यामुळे डोळ्यांना दिसलं नव्हतं.

मग तो १.१ आला कुठून? आम्ही प्रोजेक्ट रिपोर्टांच्या कपाटासमोर फतकल मारून बसलो. २०२१ च्या रिपोर्टमध्ये आकड्याखाली काहीही नाही. पण त्यातली वाक्यं ओळखीची वाटली, म्हणून मागे मागे गेलो. २०१३ चा एक रिपोर्ट सापडला, फ्लाय ॲशवरचा. तोच तक्ता, तेच आकडे, तीच ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ची स्पेलिंगची चूक! तिथेही खाली काही नाही. शेवटी सगळ्यात खालच्या कप्प्यात, धुळीत, २००८ चा रिपोर्ट. तोच तक्ता. पण त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘नैसर्गिक खडी, काळा पाषाण, तीन नमुन्यांची सरासरी, चाचणी आपल्याच लॅबमध्ये.’

ती ओळ वाचून आम्ही चौघं गप्प झालो.

कारण चोर शोधायला निघालो होतो आणि चोर कुणी सापडलाच नाही. २००८ वाल्यांनी स्वतः मोजलं, प्रामाणिकपणे लिहिलं. २०१३ वाल्यांची खडीही काळ्या पाषाणाचीच, त्यामुळे आकडा उचलला तरी फारसं बिघडलं नाही; फक्त टाइप करताना खालची ओळ गाळली. २०२१ वाल्यांना करोनामुळे लॅबच उघडी नव्हती, त्यांनी कपाटातला आकडा घेतला. पण आता वरचं शीर्षक बदललं होतं, राडारोड्याची खडी. आणि आम्ही, लॅब उघडी असताना, मामा समोर उभे असताना, तो डोळे झाकून वापरला. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. एक ओळ गळली, बस्स.

आपल्या पुण्यातल्याच एका कामाची आठवण इथे होते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली. का? कारण शतकानुशतकं नकला करताना प्रत्येक लेखनिकाच्या हातून काही गळतं, काही वाढतं, आणि पुढचा तेच खरं मानून उतरवतो. त्या आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेद दिलेले असतात, म्हणजे कुठल्या पोथीत काय आहे ते. वाचणाऱ्याला पटलं नाही तर तो स्वतः पडताळू शकतो. व्यासांच्या ग्रंथाला जर तळटीप लागते, तर आमच्या १.१ ला का लागू नये?

वाटलं आता आपण पुरते शहाणे झालो. पण ओरलला एक्स्टर्नल सरांनी शेवटचं पान उघडलं. (बघा, कधीकधी उघडतात!) बोट ठेवलं आयएस ३८३ : १९७० वर. “या स्टँडर्डचं पूर्ण नाव वाचा.” मी वाचलं. त्या नावातच आहे की ही खडी आणि वाळू ‘नैसर्गिक स्रोतांपासूनची’. सर शांतपणे म्हणाले, “तुमची खडी कुठल्या डोंगरात मिळाली?” मी म्हणालो, “सर, डोंगरात नाही... स्लॅबमध्ये.”

सगळे हसले, सरही हसले. पण मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं हसू गेलं. हे स्टँडर्ड २०१६ मध्ये सुधारलं गेलं, नावातून ‘नैसर्गिक’ गेलं, आणि त्यात पाडलेल्या काँक्रीटच्या खडीला मर्यादेत परवानगी मिळाली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, एम-१५ पेक्षा कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. म्हणजे आमचा अख्खा प्रोजेक्ट ज्या एका तक्त्याशी ताडून बघायला हवा होता, तो तक्ताच आमच्या रेफरन्सच्या यादीत नव्हता! यादी सीनियरची होती ना. मिक्स डिझाइनच्या आयएस १०२६२ चंही तसंच : १९८२, मग २००९, मग २०१९. कोडच्या नंबरानंतर विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यांच्यापुढे वर्ष असतं, ते शोभेला नसतं. काही रिपोर्टांत अजून १९८२ सुखाने नांदतंय.

आता माझं मत.

आपल्याकडे रिपोर्टची तपासणी बाहेरून आत होते. आधी कव्हरचा रंग, मग समास, मग पानांची संख्या, आणि आतला मजकूर वेळ उरला तर. मार्जिनसाठी रिपोर्ट परत आलेला मी दहादा पाहिलाय. रेफरन्ससाठी परत आलेला फक्त एकदा, तो आमचाच. त्यामुळे पोरंही शिकतात, की जे बघितलं जातं ते नीट करायचं.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं : “अरे, बीईच्या पोरांकडून कसलं ओरिजिनल काम मागता? नोकरीचे इंटरव्ह्यू, परीक्षा, त्यात हा प्रोजेक्ट.” मान्य आहे. अगदी मान्य. पण ओरिजिनल असा हट्ट कुणी धरतच नाहीये. आकडा दुसऱ्याचा घ्या, खुशाल घ्या. फक्त कुणाचा ते लिहा. उलट रेफरन्स म्हणजे न मोजताही प्रामाणिक राहायची सोय आहे!

दुसरं उत्तर : “रिपोर्ट वाचतो कोण?” हेही मला आधी खरं वाटायचं. आता वाटत नाही. रिपोर्ट ज्युनियर वाचतात. मन लावून वाचतात, कारण त्यांना त्यातूनच उतरवायचं असतं! आपल्या कॉलेजात त्या कपाटाइतका वाचला जाणारा ग्रंथसंग्रह दुसरा नसेल. म्हणून तिथे ठेवलेली चूक दरवर्षी व्याजासकट वाढते. आणि आपण पास होऊन साइटवर जातो. तिथे चाळीस लिटर पाण्याची चूक सहा इंचांच्या क्यूबमध्ये राहत नाही, कुणाच्यातरी डोक्यावरच्या स्लॅबमध्ये जाते.

म्हणून सर-मॅडमना माझी नम्र विनंती आहे. एक, फॉरमॅटची तयार फाइल सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सगळ्यांना द्या, म्हणजे मार्जिनचा विषय तिथेच संपेल. दोन, प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ सक्तीची करा : स्वतः मोजलं असेल तर कधी आणि कुठे, घेतलं असेल तर कुठून. तीन, ओरलला यादीतल्या कुठल्याही दोन रेफरन्सवर बोट ठेवून विचारा, “यात काय आहे आणि तू ते कुठे वापरलंस?” बाकीची सुधारणा भीतीने आपोआप होईल.

आणि टीईच्या दोस्तांनो, तुम्हाला एवढंच. पेपर वाचाल त्या दिवशीच नाव, वर्ष, पान टिपून ठेवा. अडीच वाजताच्या रात्रीवर सोडू नका. पेपरला डीओआय नंबर असेल तर तो टाकून खरंच तोच पेपर उघडतो का ते बघा. उघडला की निदान सारांश तरी वाचा. आणि लॅबमधल्या मामांचं ऐका!

आमचं पुढे काय झालं? खडी रात्रभर भिजवली, पृष्ठभाग पुसून घेतला आणि पुन्हा क्यूब टाकले. माल व्यवस्थित निघाला. या वेळी मामा नुसते हसले. सबमिशनमुळे २८ दिवस थांबता आलं नाही, फक्त सात दिवसांचे फोडले. पहिल्या खेपेला सात दिवसांना ११ आले होते, आता १८ आले. ‘पूर्णतः अयोग्य’ हे वाक्य खोडलं. दोन्ही खेपांचे आकडे रिपोर्टमध्ये ठेवले. ग्रुपमध्ये थोडी कुरबुर झाली, की फसलेले आकडे कशाला दाखवायचे, एक्स्टर्नलला नसते प्रश्न सुचतील. पण मॅडम म्हणाल्या, “तेच तर तुमचं खरं काम आहे.”

काळ्या रेक्झिनचं ते पुस्तक आता कपाटात आहे. पान ४१, तक्ता ३.२. पाणी शोषण ५.१ टक्के. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘पाडलेल्या स्लॅबची खडी, तीन नमुन्यांची सरासरी, चाचणी आपल्याच लॅबमध्ये.’

पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणीतरी तो तक्ता उचलणार, हे मला पक्कं माहीत आहे. उचला. आमची काही तक्रार नाही. फक्त तेवढी खालची ओळ गाळू नका!

- अंतिम वर्ष, सिव्हिल